बावीस लोखंडी पिंजरे

४ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं, रोज ज्या गोष्टीचा राग आला ती लिहून काढा, रक्तदाब उतरेल. मी म्हटलं, एक वही पुरायची नाही. ते हसले नाहीत. मीठ बंद केलं, रोज सकाळी तासभर चालायला सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आजचा राग: डॉक्टर.

९ जानेवारी

रोज लिहायचं होतं, पण पाच दिवस रागावण्यातच गेले.

सकाळी किनाऱ्यावर चालायला जातो. जायला दोन रस्ते आहेत. जवळचा बारक्याच्या दुकानावरून जातो, म्हणून मी लांबचा घेतो. तेवढंच जास्त चालणं होतं. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. सुतार आहे. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. चूक त्याची.

आज वाळूत एक खड्डा दिसला. भोवती पांढरी टरफलं, चेंडू फाडल्यासारखी, आणि त्यात अर्धवट वाढलेले जीव. बाजूलाच एक कुत्रा पोट फुगवून झोपला होता. रक्तदाब म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही अशा जीवाची झोप. माणसं म्हणाली, कासवाचं घरटं होतं. रात्री मादी येते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि परत फिरते. पुढे अंड्यांचं काय होतं ते बघायला थांबत नाही.

मी खूप वेळ तिथे उभा राहिलो. कुत्र्याकडे बघून ओरडलो. त्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला. घरीही मला असाच प्रतिसाद मिळतो.

१० जानेवारी

औषधदुकानदाराकडे गोळ्या घ्यायला गेलो. किनारा समितीचे अध्यक्ष तेच. म्हणाले, "कासवांवर काम करणाऱ्या बाई दुसऱ्या किनाऱ्यावर गेल्यात, महिन्याने येतील. तोवर कुत्र्यांचं काय करावं सुचत नाही."

मी म्हटलं, "पिंजरे."

मी चाळीस वर्षं लोखंडाचं काम केलं. या गावात जितकी गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या आहेत त्यांतल्या निम्म्या माझ्या. ही म्हणते, तुरुंगात असल्यासारखं वाटतं सगळीकडे. हिला कलेची नजर नाही.

घरी येऊन चित्र काढलं. वरून चौकोनी पिंजरा. जाळी अशी की पिल्लू आरपार जाईल, पण कुत्र्याचं तोंड शिरणार नाही. खालचा काठ हातभर वाळूत पुरायचा आणि तो सरळ न ठेवता बाहेरच्या बाजूला आडवा वळवायचा. कुत्रा पिंजऱ्याला लागून उकरतो. उकरायला लागला की पंजा त्या आडव्या काठावर आदळेल आणि कंटाळून निघून जाईल. सगळी मख्खी त्या काठातच आहे. हे मी कोणाला शिकवलेलं नाही, मला आपोआप सुचलं. किती साधा आणि किती हुशार माणूस आहे मी, असं वाटून रक्तदाब उतरल्यासारखा झाला.

२८ जानेवारी

बावीस घरटी, बावीस पिंजरे. पंधरा दिवसांत. एकही घरटं फुटलं नाही. कुत्रे येतात, एकदा उकरतात, मग माझ्याकडे बघतात.

समितीने सत्कार केला. अध्यक्षांनी भाषणात मला "कासवांचा पालक" म्हटलं. मी मान खाली घातली, ती नम्रतेने नव्हे, पोट आत ओढायला. पेपरवाला फोटो काढत होता. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, त्यात पोट आलं आणि पिंजरा अर्धा कापला गेला.

ही म्हणाली, "चांगला आलाय." मग फोटो कापून जपून ठेवला. आणखी एक प्रत कापली. ती कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, "असू दे एक जास्तीची."

६ फेब्रुवारी

कासवबाई आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, बोलायला मऊ. मला काका म्हणाल्या. प्रत्येक पिंजऱ्यापाशी बसल्या, काठ चाचपला, म्हणाल्या, "काका, इतकं नेटकं काम मी कुठेच पाहिलं नाही."

मी हवेत होतो, तेव्हाच त्या म्हणाल्या, "फक्त एक अडचण आहे. हे लोखंड आहे."

मी म्हटलं, "हो. म्हणूनच टिकतं."

त्या वाळूत बसल्या. मीही बसलो, म्हणजे तीन टप्प्यांत बसलो. त्यांनी समजावून सांगितलं. पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं त्या सुमाराला त्या किनाऱ्याची खूण मनात घेतं. ही खूण म्हणजे झाड किंवा दगड नव्हे. पृथ्वी म्हणजेच एक मोठा लोहचुंबक आहे, आणि त्याचा जोर आणि कल दर किनाऱ्यावर थोडा थोडा वेगळा असतो. कासवाला तो जाणवतो. मादी समुद्रात हजारो मैल भटकते आणि पंधरा-वीस वर्षांनी अंडी घालायची वेळ आली की तीच खूण शोधत परत येते. अगदी त्याच जागी नाही, पण त्याच भागात.

"आणि माझं लोखंड?"

"लोखंड जवळ असलं की ती खूण बिघडते. पिल्लांवर त्याचा किती परिणाम होतो हे अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण माहीत नसताना त्यांच्या डोक्यावर लोखंड कशाला ठेवायचं?"

मी म्हटलं, "म्हणजे मी बावीस घरट्यांना चुकीचा पत्ता देतोय?"

त्या म्हणाल्या, "असं मी म्हटलं नाही, काका."

पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

७ फेब्रुवारी

जुनं होकायंत्र घेऊन किनाऱ्यावर गेलो. पिंजऱ्यापासून वीस पावलांवर सुई उत्तरेला. जवळ नेलं तशी सुई वळत वळत पिंजऱ्याकडे बघायला लागली, लग्नातली माणसं जेवणाच्या मांडवाकडे बघतात तशी. होकायंत्र बिघडलंय हे उघड आहे.

८ फेब्रुवारी

अध्यक्षांच्या नातीचं शाळेतलं होकायंत्र मागून आणलं. तेही वळलं. दोन होकायंत्रं एकाच वेळी माझ्याविरुद्ध जातात ती संगनमताशिवाय नाही, असं मी निदान अर्धा तास तरी मानलं. मग नातीला तिचं होकायंत्र परत केलं. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही रडलात का?" वाळू गेली होती डोळ्यात.

१० फेब्रुवारी

बाईंनी सांगितलं, लाकडी पिंजरे चालतील, फक्त खिळा नको. खिळा लोखंडाचाच. पहिल्या घरट्यातली पिल्लं मार्चच्या सुरुवातीला निघतील.

खिळ्याशिवाय लाकूड जोडणारा माणूस या गावात एकच आहे.

आमचं काय झालं ते आता लिहून टाकतो, डॉक्टरांचा हुकूम आहे. पूर्वी दुकान एकच होतं, अर्ध्यात तो, अर्ध्यात मी. एका नव्या घराचं दार बारक्याने केलं. दोन महिने लागले. मालक बघायला आला, दारावरून हात फिरवला आणि सहज विचारलं, "टिकेल ना?" मी पुढे होऊन म्हटलं, "लाकूड शेवटी लाकूडच. लोखंडाचं करून देतो." बारक्या तिथेच उभा होता, हातात दाराची कडी घेऊन. मालकाने माझं दार लावलं. दुसऱ्या दिवशी बारक्याने हत्यारं गोळा केली आणि निघून गेला. एवढ्याशा गोष्टीवरून.

मी खोटं काहीच बोललो नव्हतो. इतकी वर्षं हेच म्हणत आलो. कागदावर लिहिल्यावर ते बोलण्यापेक्षा जरा वाईट दिसतं.

हिला म्हटलं, बारक्याकडे जावं लागेल. ही भाजी निवडत होती, वरही बघितलं नाही. म्हणाली, "सकाळी लवकर जा. दुपारी त्याचा गुडघा दुखायला लागतो, मग चिडतो."

"तुला काय माहीत?"

"गाव केवढंसं."

बायकांना बातम्या वाऱ्यावरून कळतात.

११ फेब्रुवारी

नमुन्याचा एक पिंजरा खांद्यावर घेऊन गेलो. जवळच्या रस्त्याने. इतका जवळ आहे हे विसरलो होतो, मनाची तयारी होईपर्यंत दुकान आलंसुद्धा.

बारक्या रंधा मारत होता. केस पांढरे झालेत. त्याच्या बायकोने पाणी आणलं. नऊ वर्षांनी दारात आलेल्या थोरल्या दिराला बघून तिने दचकायला हवं होतं. तिने पाण्याबरोबर बशीत बिनमिठाचे दाणे ठेवले. मला मीठ बंद आहे हे तिला कळायचं कारण नाही, योगायोग.

बारक्या रंध्यावरून नजर न काढता म्हणाला, "काय?"

"पिंजरे हवेत. लाकडी. आत एकही खिळा नको."

"तू लोखंडाचे केलेस ना? पेपरात होतं."

"ते चालत नाहीत."

रंधा थांबला. "परत सांग."

"ऐकलंस ना."

"परत सांग, दादा."

"लोखंड चालत नाही. लाकूड पाहिजे."

तो परत रंधा मारायला लागला. लाकडाची सालपटं खाली पडत होती आणि मला वाटलं, हा आता दिवसभर बोलणार नाही. मग म्हणाला, "किती?"

"बावीस."

"कधी?"

"आठ दिवसांत."

"माप ठेव तिथे."

मी लांबी, रुंदी, उंची आणि जाळीचं अंतर लिहून दिलं. लोखंडी पिंजरा तिथेच ठेवून आलो. एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली असावी. फार महत्त्वाची नसेल.

१४ फेब्रुवारी

बारक्या म्हणाला, एकट्याने आठ दिवसांत होणार नाही, ये मदतीला. मला वाटलं, करवत देईल. त्याने मला घासायचा कागद दिला. चाळीस वर्षं भट्टीशी खेळलेला माणूस मी, आणि माझ्या हातात घासायचा कागद. वर तासाभराने येऊन बोट फिरवून म्हणतो, "परत."

काम मात्र बघत राहावं असं आहे. एका पट्टीत खाच, दुसरीला जीभ. जीभ खाचेत बसते, मग आडवं भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची. हलवून बघितलं, हललं नाही. मी म्हटलं, "बरं झालंय."

तो म्हणाला, "बरं?"

मी म्हटलं, "घट्ट झालंय."

दुपारी त्याच्या ताटाशेजारी माझंही ताट होतं.

१९ फेब्रुवारी

बावीसच्या बावीस बदलले. लोखंडी पिंजरे उचलून एका कडेला रचले. पेपरवाला आला नाही. बाईंनी घरट्याजवळ होकायंत्र धरलं, सुई जागची हलली नाही. सगळे खूश. मला किंचित वाईट वाटलं. माझ्या पिंजऱ्याकडे निदान ती बघायची तरी.

२३ फेब्रुवारी

पहाटे बाईंचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा उजाडत होतं. नववं घरटं फुटलं होतं. पिंजरा धड होता, एकही खुंटी निघालेली नव्हती. कुत्र्यांनी काठाला लागून उकरलं होतं आणि खालून आत शिरले होते. बाईंनी टरफलं मोजली, त्रेसष्ट. उरलेली एक्केचाळीस अंडी हलक्या हाताने झाकली.

मनात पहिला विचार आला तो लिहितो: लोखंड असतं तर हे झालं नसतं. मी बोललो नाही. पण माझा चेहरा माझ्या ताब्यात नसतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

बारक्या आला. त्याचा गुडघा वाकत नाही. तरी तो एक पाय लांब करून वाळूत बसला आणि टरफलं वेचून एका फडक्यात ठेवायला लागला. माझ्याकडे एकदाच बघितलं. मग म्हणाला, "लाकूड शेवटी लाकूडच, नाही का?"

मी घरी आलो. जेवलो नाही. ही काही विचारत नाही, याचा आज पहिल्यांदा राग आला.

२४ फेब्रुवारी

त्या आडव्या काठाबद्दल मी बारक्याला सांगितलं नव्हतं.

विसरलो, असं काल दिवसभर स्वतःला सांगितलं. दहा जानेवारीचं पान उघडून बघितलं. "सगळी मख्खी त्या काठातच आहे." माझंच अक्षर. ज्याला हे इतकं लख्ख ठाऊक आहे तो विसरतो कसा?

विसरलो नव्हतो. माप लिहिताना काठ डोळ्यांसमोर होता. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. मग मला वाटलं, बघू, लाकूड किती टिकतंय ते. इतकंच वाटलं, क्षणभर. मग मी दाणे खाल्ले आणि घरी आलो.

मी स्वतःवर हसतो ते सोपं असतं. पोटावर हसतो, चालण्यावर हसतो. यावर हसून बघितलं. जमलं नाही.

२५ फेब्रुवारी

सकाळी लवकर गेलो. बारक्या दुकानात नुसताच बसला होता, हातात काम नाही. मी उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर गिळून टाकलं असतं.

"पिंजऱ्याला खाली आडवा काठ लागतो. बाहेरच्या बाजूने, वाळूत पुरलेला. मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

कोपऱ्यात माझा नमुन्याचा लोखंडी पिंजरा होता, त्याकडे त्याने बोट केलं. "तो काठ मला पहिल्याच दिवशी दिसला."

"मग केला का नाहीस?"

"तू मापात लिहिला नव्हतास. म्हटलं, दादाने येऊन सांगावं. पाच दिवस तू माझ्या शेजारी बसून लाकूड घासलंस. रोज वाटायचं, आज सांगेल. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

म्हणजे दोघांनाही माहीत होतं. दोन म्हातारे मांडीला मांडी लावून जेवले आणि त्रेसष्ट अंडी दोघांच्या मध्ये सांडली. मी खाली बसलो.

मी म्हटलं, "ते दार."

"कुठलं दार?"

"माहीत आहे तुला कुठलं. चांगलं झालं होतं ते."

बारक्या म्हणाला, "चांगलंच झालं होतं." मग उठला, हात झटकले आणि म्हणाला, "आडवा काठ पट्ट्यांचा करू. दोन दिवस लागतील. घासायचं काम नाही, तू भोकं पाड."

आतून त्याच्या बायकोने विचारलं, "दादा जेवायला आहेत ना?" आणि तिच्या शेजारी ही उभी होती. माझी ही. कमरेला पदर खोचून, त्या घरातला डबा कुठल्या फळीवर असतो हे ठाऊक असल्यासारखी. मी विचारलं, "तू केव्हा आलीस?" म्हणाली, "आत्ताच." दोघी जावा एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. माझ्या मागोमाग आली असणार. चालायला भलतीच चपळ आहे.

२८ फेब्रुवारी

सगळ्या पिंजऱ्यांना काठ बसले. रात्रीतून कुत्रे आले होते, पंजांच्या खुणा आहेत. एकदा उकरलं आणि गेले. बारक्या त्या खुणांकडे बघत म्हणाला, "डोकं चांगलं चालतं तुझं, अधूनमधून."

५ मार्च

पहिल्या घरट्यातून सत्त्याण्णव पिल्लं निघाली. मी पोचेपर्यंत सगळी समुद्रात. बाईंनी वाळूवरच्या रेघा दाखवल्या, बारीक शिलाई घातल्यासारख्या. माझी वेळ ही अशी. अंडी फुटली की पहिला हजर, पिल्लं निघाली की शेवटी.

८ मार्च

आज नववं घरटं. मी आणि बारक्या अंधार असतानाच जाऊन बसलो होतो, बाईही होत्या. जरा उजाडायला लागलं आणि वाळू खचली. एक डोकं, मग दुसरं, मग भाताचं भांडं उतू जावं तशी सगळी वर आली. पिंजऱ्याच्या फटींतून एकेक बाहेर. एक्केचाळीसपैकी एकोणतीस. मी मोजत होतो, बारक्याही मोजत होता, आमचा आकडा एकच आला.

मी बाईंना विचारलं, "हातात घेऊन पाण्यापर्यंत सोडू का? दमतील."

"नको, काका. हे चालणं त्यांचं त्यांना करू द्या. वाळू, लाटा, हा किनारा, सगळं ओळखीचं व्हायला हवं."

अठ्ठावीस गेली. एक उलट वळलं. मागे रस्त्यावरचा दिवा अजून जळत होता, आणि उजेडाला समुद्र समजून ते तुरुतुरु त्याच्याकडे निघालं. माझे हात पुढे गेले. बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

मग मी उठलो आणि दिवा आणि पिल्लू यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. बाकी काही केलं नाही. माझी सावली मोठी पडते, हे काही लपून राहिलेलं नाही. पिल्लू माझ्या सावलीत थांबलं. बराच वेळ थांबलं. पाय दुखायला लागले, पाठीला कळ आली, पण मी हललो नाही. बारक्या म्हणाला, "पोट आत घेऊ नकोस, दादा. आत्ता लागतंय ते."

पिल्लाने मान वर केली. फिरलं. समुद्राकडे निघालं, दोनदा खड्ड्यात पडलं, दोन्ही वेळा मी श्वास धरला. तिसऱ्या लाटेने त्याला उचललं आणि मग तिथे पाणीच होतं.

आम्ही तिघं बसून राहिलो. बाई म्हणाल्या, "हजारात एखादंच जगतं. पण जगलं आणि मादी असली, तर वीसेक वर्षांनी इथेच कुठेतरी येईल."

मी बोटांवर मोजलं. "मी ब्याऐंशीचा असेन."

"मी अठ्ठ्याहत्तर," बारक्या म्हणाला. "तू नसलास तर मी येईन बघायला."

"आणि तू नसलास तर?"

त्याने गुडघा चोळला. "तर तू ये. नुसता बघ. काही बनवू नकोस."